चाओ फ्रायाच्या काठाने बँकॉक

बँकॉकला जाणारे आपल्याकडचे बरेच प्रवासी मॉल, रात्रीचे बाजार आणि पट्टायाची सहल आटोपून परततात आणि मग तिथल्या रस्त्यांवरच्या कोंडीबद्दल तक्रार करतात. तक्रार खोटी नाही. पण हे शहर मुळात रस्त्यांसाठी वसवलेलेच नव्हते. चक्री घराण्याचा पहिला राजा, म्हणजे पहिला राम, याने १७८२ साली चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठावर राजधानी आणली आणि ‘चरोएन क्रुंग’ हा पहिला आधुनिक रस्ता तयार झाला तो १८६० च्या दशकात. मधली सुमारे ऐंशी वर्षे राजवाडा, देवळे, बाजार आणि घरे यांच्यातली ये-जा मुख्यतः पाण्यातूनच होत असे. म्हणून आई आणि मी जानेवारीत तिकडे निघालो तेव्हा एकच बेत पक्का केला होता: जिथे होडी जाते तिथे होडीनेच जायचे.

शुक्रवार

मुंबईहून सुटलेले विमान चार-साडेचार तासांत सुवर्णभूमी विमानतळावर उतरते. तिथून शहरात येणारी रेल्वे आणि पुढे उन्नत मार्गावरची स्कायट्रेन पकडून आम्ही सफान ताक्सिन स्थानकावर आलो. स्थानकाच्या पायथ्याशीच सॅथॉर्न धक्का आहे आणि खोली मुद्दाम त्याच्या जवळ घेतली होती. सामान टाकून, चहा घेऊन पाचच्या सुमारास धक्क्यावर गेलो.

पर्यटकांसाठी वेगळ्या बोटी आहेत, पण आम्ही नारिंगी झेंड्याची, रोजच्या नोकरदारांची बोट धरली. अंतर कितीही असो, तिकीट १६ बाट. बोट लांबलचक आणि अरुंद असते. चालक पुढे बसतो, त्यामुळे धक्क्याला लावताना त्याला मागचे काही दिसत नाही. म्हणून मागच्या टोकाला दोर घेऊन उभा असलेला खलाशी शिट्टी वाजवत राहतो. एक लांब शिट्टी, मग तुटक तुटक दोन-चार, पुन्हा एक लांब. या खुणांवर चालक इंजिन उलटे फिरवतो, बोट धक्क्याच्या टायरांना घासत थांबते, खलाशी उडी मारून खुंटाला दोराचा वेढा देतो आणि पाहता पाहता दहा-पंधरा माणसे चढून-उतरून मोकळी होतात. तेवढ्यात वेढा सुटलेलाही असतो. शाळेची मुले, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, आणि भिक्खूंसाठी राखलेल्या जागेत उभे असलेले दोन तरुण भिक्खू, असा आमचा सहप्रवास होता.

उजव्या काठाला पोर्तुगालचा दूतावास लागतो. थायलंडमधला हा सर्वांत जुना दूतावास, १८२० पासूनचा. पुढे चिनी वखारी, मग स्मारक पूल, डाव्या हाताला सांताक्रूझ चर्चचा घुमट आणि त्यापलीकडे मावळतीच्या उजेडात वाट अरुणचे शिखर. ‘वाट’ म्हणजे थायी भाषेत बौद्ध देऊळ. आम्ही तसेच पुढे जाऊन अंधार पडण्याआधी परतलो. पहिल्या संध्याकाळी एवढी ओळख पुरेशी होती.

शनिवार

सकाळी साडेआठला राजवाड्याचे दार उघडते तेव्हा आम्ही था चांग धक्क्यावरून चालत तिथे पोचलो होतो. प्रवेशशुल्क ५०० बाट आहे, खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात आणि दहा वाजल्यानंतर आत पाय ठेवायला जागा उरत नाही. तेव्हा जायचे तर उघडताच जावे.

वाट फ्रा केओ हे राजवाड्याच्या आवारातले देऊळ. ज्या पाचूच्या बुद्धासाठी ते प्रसिद्ध आहे ती मूर्ती प्रत्यक्षात हिरव्या जेडसारख्या दगडाची असून उंचीला जेमतेम ६६ सेंटिमीटर आहे. १७७९ साली ती व्हिएन्टियानहून आणली गेली आणि काही काळ नदीपलीकडे, वाट अरुणच्या आवारात ठेवलेली होती. उन्हाळा, पावसाळा आणि थंडी अशा तिन्ही ऋतूंचे वेगळे पोशाख तिला आहेत आणि ते स्वतः राजा बदलतो. आम्ही पाहिली ती हिवाळ्यातल्या सोन्याच्या जाळीदार शालीत. गाभाऱ्यात छायाचित्रे काढू देत नाहीत, हे फार चांगले आहे. माणसे शांतपणे बसतात, पाय मागे घेऊन, तळवे मूर्तीकडे होणार नाहीत याची काळजी घेत.

पण माझ्या मते या आवारातली सर्वांत मोलाची गोष्ट गाभाऱ्याबाहेर आहे. देवळाभोवतीच्या लांबच लांब ओवरीच्या भिंतीवर १७८ चित्रांमध्ये ‘रामकियेन’, म्हणजे थायलंडचे रामायण, रंगवलेले आहे. उत्तरेकडच्या दारापासून ते सुरू होते: जनकाला जमिनीत सीता सापडते, आणि तिथून प्रदक्षिणेच्या दिशेने कथा पुढे सरकते. गर्दीतले बहुतेक लोक या ओवरीतून घाईने निघून जातात. आम्ही मात्र पहिल्या चित्रापासून चालू लागलो. सोनेरी मुकुटांचे राम-लक्ष्मण, हिरव्या अंगाचा दशकंठ, पांढराशुभ्र हनुमान, लाल सुग्रीव; एकदा रंग ओळखीचे झाले की भाषा येत नसली तरी अडत नाही. सेतू बांधण्याच्या प्रसंगाशी आई थबकली. समुद्रात टाकलेले दगड मासे पळवून नेत आहेत आणि त्या माशांची राणी, कमरेखाली सोनेरी मासळी असलेली सुवन्नमच्छा, हनुमानाला सामोरी आली आहे. ती रावणाची मुलगी. पुढे हनुमानाचे मन तिच्यावर जडते आणि त्यांना मच्छानु नावाचा मुलगा होतो, एवढे मी वाचले होते ते तिला सांगितले.

“अरे, हा तर आपला मकरध्वजच की!” आई म्हणाली. “पण आपल्याकडे नुसता घामाचा थेंब मासळीच्या पोटात जातो. इथे तर मारुतीने संसारच मांडलाय.”

समर्थांनी गावोगावी उभे केलेले ब्रह्मचारी, बलोपासनेचे मारुती ज्यांनी लहानपणापासून पाहिले आहेत त्यांना हा रसिक, प्रेमात पडणारा हनुमान पहिल्यांदा बुचकळ्यात टाकतो. आई मात्र बुचकळ्यात पडली नाही. तिने ते चित्र पुष्कळ वेळ पाहिले आणि पुढच्या प्रत्येक चित्रात हनुमान शोधायचा तिला नाद लागला. दोन तास कधी गेले ते कळले नाही.

दुपारी वाट फो. ४६ मीटर लांबीच्या निजलेल्या बुद्धाच्या तळव्यांवर शिंपल्याच्या झळाळत्या तुकड्यांनी १०८ मंगलचिन्हे जडवली आहेत. मूर्तीमागच्या मार्गिकेत १०८ कांस्यपात्रे मांडलेली असून त्यांत लोक एकेक नाणे टाकत जातात आणि त्या नाण्यांचा खणखणाट अखंड चालू असतो. तिथेच आवारात चार मोठे स्तूप आहेत. त्यातल्या हिरव्या चिनी मातीच्या कपच्यांनी मढवलेल्या स्तूपापाशी आम्ही मुद्दाम थांबलो. १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने आयुथया ही जुनी राजधानी उद्ध्वस्त केली तेव्हा तिथल्या राजविहारातील श्री सनफेत ही उभी बुद्धमूर्तीही भग्न झाली. पहिल्या रामाने तिचे अवशेष इथे आणून त्यांवर हा स्तूप उभारला. भोवतालच्या ओवऱ्यांमध्ये रांगेने बसलेल्या शेकडो मूर्तीही अशाच आयुथयाहून आणि उत्तरेकडच्या ओसाड विहारांतून आणलेल्या आहेत. त्यांचे चेहरे एकमेकांशी जुळत नाहीत; काही लांबट, काही गोल, काहींचे ओठ जाड.

था तिएन धक्क्यावरून पाच बाटांत तरीने पलीकडे वाट अरुणला जाता येते. लांबून करड्या दगडासारखे दिसणारे त्याचे शिखर जवळ गेल्यावर फुलांनी भरून जाते. ही फुले चिनी मातीच्या भांड्यांची आहेत: बशीच्या कडेचा तुकडा पाकळीसाठी, वाटीचा तळ मधल्या गोलासाठी, निळ्या वेलबुट्टीची खापरी पानांसाठी. चिनी गलबते भार म्हणून अशी भांडी भरून आणत आणि फुटलेली भांडी इथे कामी आली, असे सांगतात. एका पाकळीवर मूळ बशीवरची निळी मासोळी अर्धीच उरलेली मला दिसली. शेपटी होती, डोके दुसऱ्या कुठल्या तरी फुलात गेले असावे. आईने पायऱ्या न चढता खालीच ओट्यावर बसून शिखर खांद्यावर तोलून धरणाऱ्या यक्षांची आणि वानरांची ओळ पाहिली.

रविवार

आज राजवाड्यासमोरून वाहणाऱ्या नदीची जुनी वाट धुंडाळायची होती. तिथला हा पात्राचा भाग नैसर्गिक नाही. चाओ फ्राया पूर्वी पश्चिमेकडे मोठे वळण घेऊन जात असे. समुद्रातून आयुथयाला जाणाऱ्या जहाजांचा वेळ वाचावा म्हणून राजा चैराचा याच्या कारकिर्दीत, १५४२ साली, त्या वळणाच्या दोन टोकांना जोडणारा कालवा खणला गेला. प्रवाहाने जवळची वाट धरली, कालव्याची नदी झाली आणि मूळ नदी आकसून कालव्यासारखी उरली. हे जुने वळण आज बँकॉक नोई, चाक फ्रा आणि बँकॉक याई या कालव्यांच्या नावांनी ओळखले जाते. लांब दांड्याच्या टोकाला पंखा आणि दुसऱ्या टोकाला मोटारीचे इंजिन बसवलेली होडी ठरवून आम्ही हे सगळे वळण फिरलो. निघण्याआधी तांडेलाने होडीच्या नाळेवर बांधलेल्या रंगीत फडक्यांना झेंडूची ताजी माळ घातली आणि हात जोडले. होडीत वास करणाऱ्या देवीची ही रोजची पूजा आहे.

बँकॉक नोईच्या तोंडाशी राजनौकांचे संग्रहालय आहे. हंसाच्या मुखाची ‘सुफन्नहोंग’ ही राजाची नौका १९११ मध्ये पूर्ण झाली. लांबी ४६ मीटरांच्या घरात, मुख्य सांगाडा एकाच सागवानी खोडाचा आणि वल्हवायला ५० वल्हेकरी. शेजारी सात फण्यांची अनंतनागाची नौका आहे आणि गरुडारूढ नारायणाची नवी नौकाही आहे. एरवी या नौका राजघराण्याच्या विशेष सोहळ्यांनाच पाण्यात उतरतात, त्यामुळे त्यांचे कोरीवकाम एवढ्या जवळून पाहायला मिळणे हे भाग्यच म्हणायचे.

पुढे कालवा अरुंद होत गेला आणि शहराचा आवाज मागे पडला. खांबांवर उभी लाकडी घरे, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, पायऱ्यांवर धुतलेल्या कढया, कुंड्यांतले कढीलिंबासारखे दिसणारे एक रोप, आणि एका ओंडक्यावर ऊन खात पडलेली हातभर नव्हे तर चांगली पुरुषभर लांबीची घोरपड. देवळांच्या आसपास मासेमारीला बंदी असल्याने तिथे मोठमोठे मासे अंगाला अंग घासत वर येतात आणि लोक त्यांना पाव घालतात. तालिंग चानचा तरंगता बाजार शनिवार-रविवारीच भरतो. तिथे नावांमध्ये शेगड्या पेटलेल्या होत्या. शाकाहारी माणसाने थायलंडमध्ये पिवळ्या पताकेवरचे लाल ‘जे’ अक्षर ओळखायला शिकावे. ते असेल तिथे मांस, मासे आणि माशांचा रस यांपैकी काहीही नसते. आम्ही नारळाच्या रसातला चिकट भात आणि केळी यांवर जेवण भागवले.

बांग लुआंग भागातील कलाकारांच्या जुन्या लाकडी घरात दुपारी बाहुल्यांचा खेळ होतो. एका बाहुलीला तिघे काळ्या कपड्यांतले कलावंत लागतात: एक डोके आणि एक हात, दुसरा दुसरा हात, तिसरा पाय सांभाळतो. हनुमानाची बाहुली मान तिरकी करून खाजवते, प्रेक्षकांत येऊन एखाद्याच्या मांडीवर बसते, तेव्हा तिघांचे श्वासही एकत्र चालताना दिसतात. खेळ संपल्यावर तो हनुमान आईसमोर येऊन हात जोडून उभा राहिला आणि आईनेही त्याला नमस्कार केला.

वळण जिथे पुन्हा नदीला मिळते तिथे पाण्याचे दार आहे. शहरात भरतीचे पाणी घुसू नये म्हणून कालव्यांच्या तोंडाशी अशी दारे बांधली आहेत आणि ती उघडेपर्यंत होड्यांना थांबावे लागते. दाराच्या पलीकडेच कुडी चीन ही पोर्तुगीज वंशजांची वस्ती. आयुथया पडल्यावर पहिल्या रामाच्या आधीचा राजा ताक्सिन याच्या बाजूने लढलेल्या पोर्तुगीज ख्रिस्ती कुटुंबांना इथे जमीन मिळाली. पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतले, १५११ मध्ये मलाक्का घेतले आणि त्याच वर्षी आयुथयाला दूत पाठवला. तेव्हा या वस्तीचा धागा आपल्या मांडवीच्या काठापर्यंत येतो. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसांना अंग चोरावे लागते. एका घरात अंडी, मैदा आणि साखर एवढ्याच जिनसांचे, वर मनुका आणि कोहळ्याचा पाक घातलेले केक भट्टीतून निघत होते. वरून कुरकुरीत, आत कोरडे आणि चहाबरोबर उत्तम. याच काठावर चर्च, चिनी देऊळ, बौद्ध विहार आणि थायी देवळासारख्या बांधणीची मशीद हे सारे पायी फिरण्याच्या अंतरात आहे. बँकॉकमध्ये एकच दुपार मोकळी असेल तर ती इथे द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

सोमवार

सेन सेप कालव्याची बोट ही गोष्टच वेगळी. तिसऱ्या रामाच्या काळात, १८३७ मध्ये, पूर्वेकडे व्हिएतनामशी चाललेल्या युद्धासाठी सैन्य आणि रसद नेता यावी म्हणून हा कालवा खणायला घेतला. आज त्याच पाण्यातून कचेरीला जाणारे हजारो लोक रस्त्यावरची कोंडी चुकवतात. पाणी काळे आहे, वास येतो, हे लपवण्यात अर्थ नाही. समोरून दुसरी बोट आली की कडेला बसलेली माणसे दोरी ओढून ताडपत्री वर घेतात आणि तुषार बाहेरच राहतात. हेल्मेट घातलेला वाहक बोटीच्या बाहेरच्या काठावरून चालत तिकिटे फाडतो. पूल ठेंगणा आला की बोटीचे छतच खाली येते. मिठीसारख्या नदीकडे आपण नाला म्हणून पाठ फिरवली. इथे अस्वच्छ पाण्यालाही कामाला लावले आहे, याचे मला फार अप्रूप वाटले.

फान फा धक्क्याजवळ वाट साकेतचा सुवर्णगिरी आहे. आयुथयाला अशी एक स्तूपटेकडी होती म्हणून तिसऱ्या रामाने इथे तशीच उभारायला घेतली, पण बँकॉकच्या मऊ गाळाला तो भार पेलवला नाही आणि बांधकाम कोसळले. पुढे पाचव्या रामाच्या कारकिर्दीत आजचे काम पुरे झाले. वर जाणारी वाट गोलाकार आणि सोपी आहे, त्यामुळे आईही सहज आली. माथ्यावरच्या स्तूपात बुद्धाचे अस्थिधातू आहेत. १८९८ मध्ये उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथील स्तूपात सापडलेल्या धातूंपैकी काही भाग तेव्हाच्या ब्रिटिश सरकारने राजा चुलालोंगकोर्नला, म्हणजे याच पाचव्या रामाला, दिला, त्यातला हा अंश.

तिथून पायी महाझोपाळा: तांबड्या रंगाचे दोन प्रचंड सागवानी खांब आणि वर नक्षीदार आडवी तुळई. शिवाच्या स्वागतासाठी राजदरबारातल्या ब्राह्मणांच्या देखरेखीखाली इथे झोके घेतले जात, ती प्रथा १९३५ नंतर बंद झाली. शेजारच्या ‘देवस्थान’ या छोट्या देवळात शिव, गणपती आणि विष्णू यांची तीन मंदिरे आहेत. मेमधल्या राजनांगरणीचा विधी आजही दरबारी ब्राह्मणच करतात.

मंगळवार

आयुथया बँकॉकच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर आहे. हुआ लाम्फोंग या १९१६ सालच्या जुन्या स्थानकावरून अजूनही काही साध्या गाड्या सुटतात. सकाळी आठला राष्ट्रगीत लागले तेव्हा हमाल, प्रवासी, फेरीवाले सगळे जागच्या जागी उभे राहिले, आणि ते संपताच मघाची धांदल पुन्हा सुरू झाली. तिसऱ्या वर्गाचे तिकीट २० बाट. उघड्या खिडक्या, भातखाचरे, मध्येच चढणाऱ्या खाऊवाल्या.

तीन नद्यांच्या संगमावरचे हे बेट १३५० पासून १७६७ पर्यंत राजधानी होते. स्थानकातून समोर चालत गेले की पासाक नदी, आणि ती तरीने ओलांडली की जुने शहर. वाट महाथातमध्ये वडाच्या जातीच्या झाडाच्या मुळांनी वेढलेले बुद्धाचे मस्तक आहे. छायाचित्र काढायचे तर खाली बसूनच, बुद्धाच्या मस्तकापेक्षा आपले डोके उंच राहू न देता, असा तिथला नियम आहे. पण आम्हाला जास्त ओढ होती ती वाट फ्रा श्री सनफेतची. तीन स्तूप ओळीने उभे आहेत आणि त्यांच्या पूर्वेला मोठ्या विहाराच्या फक्त खांबांच्या रांगा उरल्या आहेत. वाट फोमधल्या हिरव्या स्तूपात जिचे अवशेष आहेत ती मूर्ती इथे उभी होती. आजूबाजूच्या भिंतींच्या विटाही पुष्कळशा जागेवर नाहीत, कारण नवी राजधानी बांधताना त्या उपसून नदीमार्गे खाली बँकॉकला नेल्या गेल्या. मूर्ती, विटा, वाचलेली माणसे आणि त्यांच्या स्मरणात असलेले शहराचे रूप हे सगळे ज्या पाण्यातून गेले ते पाहावे म्हणून परतण्याआधी आम्ही काठावर गेलो. जलपर्णीचे पुंजके बँकॉकच्या दिशेने सावकाश वाहत होते.

बुधवार

विमान रात्रीचे असल्याने पहाटे पाक ख्लोंग तलात या फुलबाजारात जाता आले. झेंडूचे डोंगर, मोगऱ्याच्या कळ्यांच्या बर्फावर ठेवलेल्या पिशव्या, पाकळ्या आत दुमडून ठेवलेल्या कमळकळ्या. एक बाई वीतभराहून लांब सुईत मोगऱ्याच्या कळ्या देठाकडून आडव्या ओवत होती. एका थरात ठरावीक कळ्या, पुढच्या थरात त्यांच्या मधल्या फटीत बसतील अशा, त्यामुळे माळ दोरीसारखी न होता गुळगुळीत नळीसारखी भरत जाई. सुई भरली की एकाच ओढीत सगळी फुले दोऱ्यावर. मध्ये गुंफायची मेणचट फुले पाहून आई म्हणाली, “ही रुईची. आपण शनिवारी मारुतीला वाहतो तीच.” तिने एक माळ घेतली आणि धक्क्यावर उभ्या असलेल्या होडीच्या नाळेला बांधायला तांडेलाकडे दिली.

कार्तिकातल्या पौर्णिमेच्या सुमारास, आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे लागतात तेव्हा, थायलंडमध्ये लोय क्राथोंग असतो आणि केळीच्या बुंध्याच्या चकतीवर पाने-फुले, उदबत्ती आणि मेणबत्ती लावून लोक नदीत सोडतात. ज्यांना जमेल त्यांनी त्या दिवसांत जावे. नारिंगी झेंड्याच्या बोटी अंधार पडल्यावर लवकरच बंद होतात, सेन सेपच्या बोटी शनिवार-रविवारी कमी असतात आणि राष्ट्रीय संग्रहालय सोमवार-मंगळवार बंद असते, एवढे ध्यानात ठेवून बेत आखावा. सुट्टे पैसे मात्र जवळ हवेतच. तरीवर पाच बाटांसाठी मोठी नोट काढली की मागची रांग खोळंबते.